दहा नावांची मतपत्रिका: हॉल ऑफ फेमच्या एका अभिरूप मतदानाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या ईशान्य भागातील एका लहान शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात बेसबॉलप्रेमींचे एक मंडळ महिन्यातून एकदा भरते. दर डिसेंबरात हे मंडळ, बेसबॉलच्या थोर खेळाडूंचा सन्मान करणारे संग्रहालय असलेल्या हॉल ऑफ फेमचे अभिरूप मतदान घेते आणि जानेवारीत ग्रंथालयाच्या दर्शनी भागातील काचेच्या कपाटात निवडलेल्या खेळाडूंची माहितीपत्रके, जुनी कार्डे आणि पुस्तके मांडली जातात. पुढील हकीगत डिसेंबर २०२१ मधील मतदानाची आहे. सभासदांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मतदार अकरा होते. प्रस्तुत लेखक त्यांच्यात नव्हता. नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या आणि क्रिकेटवर वाढलेल्या या मराठी माणसाचा जीव कोणत्याच बेसबॉल संघात अडकलेला नसल्यामुळे मतमोजणीचे काम एकमताने त्याच्या गळ्यात पडले होते.

मूळ निवडणुकीची पद्धत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथील या संस्थेसाठी पहिली निवड १९३६ मध्ये झाली आणि टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन व वॉल्टर जॉन्सन हे पाच जण निवडून आले. आज मुख्य मतदान बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका या पत्रकार संघटनेचे दीर्घकाळ सदस्य असलेले वार्ताहर करतात. किमान दहा हंगाम खेळलेला आणि निवृत्त होऊन पाच वर्षे झालेला खेळाडू मतपत्रिकेवर येऊ शकतो. मतदाराला जास्तीत जास्त दहा नावे निवडता येतात, निवडीसाठी ७५ टक्के मते लागतात, ५ टक्क्यांहून कमी मते मिळाली तर नाव गळते आणि दहा वर्षांत निवड झाली नाही तर पत्रकारांच्या हातून तो विषय निघून जातो. ही मुदत पूर्वी पंधरा वर्षांची होती. २०१४ मध्ये ती दहावर आणली गेली.

मंडळाने हेच नियम जसेच्या तसे उचलले होते.

प्रश्न कोठे अडला

२०२२ च्या मतपत्रिकेवर तीस नावे होती. बॅरी बाँड्स, रॉजर क्लेमेन्स, कर्ट शिलिंग आणि सॅमी सोसा यांचे ते दहावे, म्हणजे अखेरचे वर्ष होते. डेव्हिड ऑर्टिझ आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज प्रथमच आले होते. आदल्या वर्षी पत्रकारांनी कोणालाच निवडले नव्हते. शिलिंग ७१.१ टक्क्यांवर थांबले होते आणि त्यानंतर त्यांनी आपले नाव मतपत्रिकेवरून काढून टाकावे अशी जाहीर मागणी केली होती, जी संस्थेने मान्य केली नाही. मंडळाच्या अभिरूप मतदानातही त्या वर्षी कपाट रिकामेच राहिले होते आणि त्यावरून मने थोडी कडवट झाली होती.

नोव्हेंबरच्या बैठकीत हात वर करून कल आजमावला, तेव्हा स्टेरॉइडसारखी उत्तेजके घेतल्याचा आरोप असलेल्या बाँड्स यांना सात मते पडली. लगेच वाद पेटला आणि तो ज्या रीतीने चालला तीच या प्रकरणातील खरी अडचण होती. प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता. निवृत्त शिक्षक असलेले सर्वांत ज्येष्ठ सभासद म्हणत होते की हा सन्मान आहे आणि सन्मान फसवणूक करणाऱ्याला देता येत नाही. आकडेवारीच्या व्यवसायात असलेली एक तरुण सभासद म्हणत होती की हे खेळाचे संग्रहालय आहे आणि ७६२ होम रन करणारा माणूस ज्यात नाही ते संग्रहालय अपुरे आहे. पेशाने वकील असलेले सभासद या दोन्ही गोष्टी बाजूला सारून पुरावा कोठे आहे एवढेच विचारत होते. एक बाई मात्र शेवटपर्यंत एकच मुद्दा लावून धरत होत्या: जागा दहाच आहेत, आणि बाँड्स यांचे नाव लिहिले की बिली वॅग्नर यांचे राहते.

मतदारांसाठीचा नियमही वाद मिटवण्यास पुरा पडत नव्हता. खेळाडूची कामगिरी, खेळण्याची क्षमता, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघासाठीचे योगदान या सहा गोष्टी पाहाव्यात असे तो सांगतो. कोणत्या गोष्टीला किती वजन द्यावे याबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय त्याचा इतिहास फारसा उजळ नाही. चेंडूला बंदी असलेले पदार्थ लावल्याची जवळजवळ कबुलीच देणारे गेलॉर्ड पेरी १९९१ पासून आत आहेत. कृष्णवर्णीय खेळाडूंना व्यावसायिक बेसबॉलबाहेर ठेवण्यात ज्यांचा वाटा मानला जातो ते कॅप अ‍ॅन्सनही आत आहेत. उत्तेजकांच्या काळात खेळाचे आयुक्त असलेले बड सेलिग २०१७ मध्ये सन्मानित झाले. त्या काळाचा कारभार पाहणाऱ्याला प्रवेश आणि त्या काळात खेळलेल्याला मज्जाव, ही विसंगती मंडळात सर्वांनाच मान्य होती. तिच्यावरून काय निष्कर्ष काढायचा यावर मात्र एकमत नव्हते.

विचारात घेतलेले मार्ग

समन्वयकांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक जादा बैठक बोलावली आणि खेळाडूंची नावे न घेता केवळ कसोट्यांवर बोलायचे असे ठरवले. हा पहिला निर्णायक टप्पा होता आणि माझ्या मते सर्वांत योग्य निर्णयही. नावे न घेण्याचे पथ्य अर्थातच पंधरा मिनिटेही टिकले नाही, पण तेवढ्यातही काही मार्ग पुढे आले.

पहिला मार्ग केवळ आकडे पाहण्याचा. बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जादा विजय मिळवून दिले हे मोजणारा ‘वॉर’ हा निर्देशांक या वादात सर्रास वापरला जातो. त्यात बाँड्स १६२ च्या वर, क्लेमेन्स १३९ च्या आसपास, शिलिंग ८० च्या जवळ आणि ऑर्टिझ ५५ च्या आसपास आहेत. हा मार्ग स्वच्छ वाटतो, परंतु तो चारित्र्याची अट सरळ रद्द करतो, आणि ती रद्द करण्याचा अधिकार मतदाराला आहे का, हा शिक्षकांचा प्रश्न बिनतोड होता.

दुसरा मार्ग संशयाला जागा असलेल्या प्रत्येकाला वगळण्याचा. येथे ऑर्टिझ आडवे आले. २००३ मध्ये झालेली चाचणी केवळ उत्तेजकांचा वापर किती आहे हे पाहण्यासाठी होती आणि निकाल गुप्त राहणार होते; तरीही त्या यादीत ऑर्टिझ यांचे नाव असल्याचे २००९ मध्ये वर्तमानपत्रातून बाहेर आले. पुढे २०१६ मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी त्या चाचण्यांतील काही निकालच शंकास्पद असल्याचे सांगितले. संशय हीच कसोटी धरली तर ऑर्टिझ यांनाही बाहेर ठेवावे लागते आणि तसे करण्याची तयारी दुसऱ्या मार्गाच्या कट्टर समर्थकांचीही नव्हती. मंडळातील निम्मे लोक ऑर्टिझ यांच्या बोस्टन संघाचे चाहते होते, हे येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

तिसरा मार्ग वकिलांनी मांडला. स्टेरॉइडवरील बंदी आयुक्तांच्या १९९१ च्या पत्रकात कागदोपत्री होती, पण चाचणी नव्हती. २००४ पासून नियमित चाचण्या सुरू झाल्या आणि २००५ पासून निलंबन होऊ लागले. तेव्हा ज्याला खेळाच्या अधिकृत व्यवस्थेने शिक्षा केली तो बाद, आणि बाकीच्यांचा विचार कामगिरीवर. या मार्गाने २०१४ चा संपूर्ण हंगाम निलंबनात घालवलेले रॉड्रिग्ज आणि दोनदा सापडलेले मॅनी रामिरेझ बाहेर राहतात. बाँड्स, क्लेमेन्स व ऑर्टिझ यांची दारे उघडी राहतात. यातील उणीव तरुण सभासदाने लगेच दाखवली: पोलीस चौकी उघडण्याआधी चोरी केली तर ती चोरी नव्हे, असाच याचा अर्थ होतो.

चौथा मार्ग वजाबाकीचा होता. आरोप ज्या काळापासून सुरू होतात तो काळ गाळून उरलेली कारकीर्द पुरेशी आहे का ते पाहायचे. बाँड्स यांच्यावरील आरोप १९९८ च्या हंगामानंतरचे आहेत; तोवर त्यांच्या खात्यावर ४११ होम रन, ४४५ चोरलेले बेस, तीन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा किताब आणि क्षेत्ररक्षणासाठीचे आठ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार होते. एवढ्यावरही ते सहज बसतात. क्लेमेन्स यांच्याबाबत मात्र रेघ कोठे ओढायची हे ठरत नव्हते, आणि या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीनेच पुढे निकाल फिरवला.

पाचवा पर्याय दहा नावांची मर्यादा काढून प्रत्येक नावापुढे होय किंवा नाही लिहिण्याचा होता. पत्रकार संघटनेनेही ही मर्यादा बारावर न्यावी असे सुचवले होते. संस्थेने ते स्वीकारले नाही. मूळ नियम मोडायचे नाहीत या कारणाने मंडळानेही हा पर्याय फेटाळला.

प्रत्यक्ष कृती

बैठकीअखेर तिसरा मार्ग ‘शिफारस’ म्हणून स्वीकारला गेला, बंधन म्हणून नाही. याखेरीज समन्वयकांनी आणखी एक गोष्ट केली, जी यापूर्वी मंडळात कधी झाली नव्हती. ज्याचा ज्या खेळाडूला सर्वांत जास्त विरोध, त्याच्याकडेच त्या खेळाडूच्या बाजूचे टिपण लिहिण्याचे काम दिले, आणि समर्थकाकडे विरोधाचे.

शिक्षकांना बाँड्स यांच्या बाजूने लिहावे लागले. त्यांनी एकूण आकडे बाजूला ठेवून २००४ चा एकच हंगाम घेतला. त्या वर्षी बाँड्स यांना २३२ वेळा चार चुकीच्या चेंडूंवर पहिला बेस फुकट मिळाला आणि त्यांपैकी १२० वेळा प्रतिस्पर्ध्यांनी तो मुद्दाम, खेळण्याचे टाळून दिला. जवळजवळ दहापैकी सहा वेळा हा माणूस बाद न होता बेसवर पोहोचत होता. ‘समोरच्या संघांनी आपले मत तेव्हाच दिले होते,’ असे शिक्षकांच्या टिपणात शेवटी होते. ते वाचून दाखवताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा कोरडा होता; आणि मत देताना त्यांनी बाँड्स यांना मत दिले नाही. उलट बाजूने, तरुण सभासदाने ज्या खेळाडूंनी काही घेतले नाही आणि त्यामुळे ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्याविषयी लिहिले. तिनेही बाँड्स यांना मत कायम ठेवले, पण रॉड्रिग्ज यांचे नाव आपल्या मतपत्रिकेवरून काढले.

टिपणांचा परिणाम लिहिणाऱ्यांवर थोडा आणि ऐकणाऱ्या मधल्या चार-पाच जणांवर अधिक झाला.

स्टेरॉइडखेरीज इतर नावांवरील चर्चा अधिक शांतपणे झाली आणि, खरे सांगायचे तर, अधिक चांगलीही. टॉड हेल्टन यांची फलंदाजीची सरासरी स्वतःच्या मैदानावर ०.३४५ आणि बाहेर ०.२८७. डेन्व्हरच्या उंचीवरील विरळ हवेत चेंडू लांब जातो, हे त्याचे कारण. परंतु त्याच मैदानावर बराच काळ खेळलेले लॅरी वॉकर २०२० मध्ये निवडले गेले असताना हेल्टन यांना तोच दंड पुन्हा का, असा प्रतिप्रश्न आला. वॅग्नर यांची अडचण वेगळी होती. सामन्याच्या शेवटी येऊन एखादी इनिंग टाकणारे हे पिचर कारकिर्दीत केवळ ९०३ इनिंग खेळले. त्यांतील त्यांचा खेळ अपवादात्मक होता, पण एवढ्याशा कामावर सन्मान द्यावा का यावर दोन तट पडले. स्कॉट रोलन यांच्यावर मात्र फारसा वाद झाला नाही: आठ गोल्ड ग्लव्ह आणि भक्कम फलंदाजी. ओमर व्हिस्केल यांच्यावर कौटुंबिक हिंसेचे आरोप झाले होते; ते खोटे असल्याचे त्यांचे म्हणणे होते. चारित्र्याचा प्रश्न येण्याआधीच त्यांची फलंदाजी कमी पडते असे म्हणून बहुतेकांनी ती चर्चा टाळली. टाळली, हाच शब्द योग्य आहे.

शिलिंग यांच्याबाबतचा प्रश्न असा, की ज्याला सन्मान नको त्याला तो द्यावा का, आणि निवृत्तीनंतरची वक्तव्ये चारित्र्यात मोडतात का. हंगामोत्तर बाद फेरीच्या सामन्यांतील ११ विजय व २ पराभव ही त्यांची कामगिरी कोणी नाकारली नाही.

निकाल

अकरा जणांत ७५ टक्के म्हणजे सव्वाआठ मते. सव्वाआठ मते कोणाला पडत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात नऊ लागतात. ऑर्टिझ यांना दहा, बाँड्स व रोलन यांना प्रत्येकी नऊ मते मिळून तिघे निवडले गेले. क्लेमेन्स आठ मतांवर थांबले. हेल्टन व वॅग्नर यांना प्रत्येकी सात, शिलिंग व अँड्रू जोन्स यांना प्रत्येकी सहा, जेफ केंट व गॅरी शेफील्ड यांना प्रत्येकी चार मते पडली. बाकीचे त्याहून खाली होते.

बाँड्स आत आणि क्लेमेन्स बाहेर, हा निकाल सर्वांनाच चमत्कारिक वाटला. मतपत्रिका माझ्या हातात असल्याने कारण मला दिसत होते. एका चिठ्ठीवर क्लेमेन्स यांचे नाव लिहून खोडले होते आणि समासात पेन्सिलीने ‘१९९६ की १९९७?’ असे लिहिले होते. या सभासदाने वजाबाकीचा चौथा मार्ग वापरला होता. बोस्टन सोडेपर्यंत, म्हणजे १९९६ अखेर, क्लेमेन्स यांचे १९२ विजय आणि सर्वोत्तम पिचरचे तीन साय यंग पुरस्कार होते. पुढच्याच वर्षी टोरोंटोकडून त्यांनी २१ सामने जिंकले आणि चौथा पुरस्कार घेतला. बेसबॉलमधील उत्तेजकांच्या वापराची चौकशी करणाऱ्या डिसेंबर २००७ च्या मिचेल अहवालातील आरोप १९९८ पासूनचे आहेत. म्हणजे त्या अहवालाप्रमाणे रेघ १९९७ नंतर ओढायला हवी होती. ती एक वर्ष आधी ओढली गेली आणि तेवढ्याने तो मतदार मागे फिरला. त्याने काही नियमबाह्य केले नव्हते. आपली रेघ कोठे आहे हे त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

दुसरी गोष्ट अधिक अनपेक्षित होती. दहा जागा अपुऱ्या पडतात या मुद्द्यावर एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडली होती, पण अकरापैकी केवळ तिघांनी दहाही जागा भरल्या. एकूण ११० जागांपैकी ८० वापरल्या गेल्या. पत्रकारांच्या मतदानात २०१४ साली निम्म्या मतदारांनी दहाही नावे लिहिली होती आणि क्रेग बिजिओ केवळ दोन मतांनी हुकले होते. तेथे टंचाई खरी होती. या मंडळात मात्र जागेची अडचण हे नकार सौम्यपणे देण्याचे निमित्त होते, असेच मला वाटते. ज्या बाई वॅग्नर यांच्यासाठी जागा मागत होत्या त्यांच्या चिठ्ठीवर सातच नावे होती.

माहितीपत्रकाचा मजकूर हा शेवटचा अडथळा ठरला. ‘स्टेरॉइडचा वापर करूनही’ अशी बाँड्स यांच्या पत्रकाची पहिल्या मसुद्यातील सुरुवात ग्रंथपालांनी परत पाठवली. बाँड्स यांनी २००३ मध्ये ग्रँड ज्युरीपुढे आपण जाणूनबुजून असे काही घेतले नाही असे सांगितले होते, आणि न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दलची २०११ ची दोषसिद्धी २०१५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने रद्द केली होती. क्लेमेन्स तर २०१२ मध्ये निर्दोष सुटले होते. अखेर पत्रकात प्रथम आकडे, मग आरोप, मग न्यायालयीन निकाल आणि शेवटी ‘अकरापैकी नऊ मते’ असा क्रम ठरला. दोन नकारांचा उल्लेख तेथे असावा हा आग्रह शिक्षकांचा होता आणि तो सर्वांनी मानला.

२५ जानेवारी २०२२ रोजी पत्रकारांचा निकाल लागला. ३९४ मतपत्रिकांत ऑर्टिझ यांना ७७.९ टक्के मते मिळून ते एकटेच निवडले गेले. बाँड्स ६६ टक्क्यांवर, क्लेमेन्स ६५.२ टक्क्यांवर राहिले. २०१३ मध्ये, पहिल्या वर्षी, दोघेही ३६-३७ टक्क्यांच्या आसपास होते.

पुढील चार वर्षे

मंडळाने निवडलेले रोलन २०२३ मध्ये कूपर्सटाउनला पोहोचले. नाकारलेल्यांपैकी हेल्टन २०२४ मध्ये, वॅग्नर दहाव्या आणि अखेरच्या वर्षी २०२५ मध्ये, आणि जोन्स २०२६ मध्ये निवडले गेले. अवघी चार मते मिळालेले केंट डिसेंबर २०२५ मध्ये, पत्रकारांच्या हातून निसटलेल्यांचा विचार करणाऱ्या सोळा जणांच्या समितीने निवडले. त्याच समितीत बाँड्स व क्लेमेन्स यांना पाचहून कमी मते पडली. २०२२ च्या समितीतही दोघांची अवस्था अशीच होती आणि फ्रेड मॅकग्रिफ सोळाच्या सोळा मतांनी आत गेले होते.

समितीचे गणित येथे समजून घेण्यासारखे आहे. आठ उमेदवार, सोळा मतदार आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन मते, म्हणजे एकूण ४८. निवडीसाठी बारा लागतात, तेव्हा मतांची विभागणी अगदी चपखल झाली तरी चारांहून अधिक निवडले जाऊच शकत नाहीत. एकाने सोळा मते नेली की उरलेल्या सात जणांसाठी ३२ उरतात. दहाच्या मर्यादेबद्दल मंडळात जी तक्रार होती ती खरे तर या पद्धतीला अधिक लागू पडते.

वेगळे काय करता आले असते

कसोट्यांची बैठक नावांच्या बैठकीनंतर झाली, हा क्रम उलटा हवा होता. नोव्हेंबरमध्ये हात वर करून कल घेतल्यावर प्रत्येकाची बाजू सर्वांसमोर ठरून गेली आणि नंतरच्या कसोट्या त्या बाजूच्या सोयीने निवडल्या गेल्या. शिफारस बंधनकारक करावी होती असे काहींना आजही वाटते. मला ते पटत नाही, कारण बंधन घातले असते तर शिक्षकांसारख्या सभासदाने मतदानच केले नसते. त्याऐवजी प्रत्येकाने आपण कोणता मार्ग वापरला आणि वजाबाकी केली असेल तर रेघ कोणत्या वर्षावर ओढली, हे मतपत्रिकेच्या मागे लिहावे एवढे पुरेसे झाले असते.

अकरा मतदारांवर ७५ टक्क्यांची अट लावली की ती प्रत्यक्षात जवळजवळ ८२ टक्के होते, हे आधी कोणी मोजले नव्हते. बारा मतदार असते तर नऊ मतांत अट नेमकी पूर्ण झाली असती. व्हिस्केल यांच्यावरील चर्चाही व्हायला हवी होती. उत्तेजकांबद्दल चारित्र्याची अट हिरिरीने वापरणाऱ्यांनी घरातील हिंसेच्या आरोपापुढे फलंदाजीच्या सरासरीचा आडोसा घेतला, आणि त्यांना तेथे कोणी अडवले नाही.

डिसेंबर २०२२ पासून मंडळात दोन बदल झाले आहेत. मतपत्रिकेच्या मागील बाजूस कारणासाठी तीन ओळींची जागा असते, आणि कल आजमावण्याची पद्धत बंद झाली आहे. विरोधकाने बाजूचे टिपण लिहिण्याची प्रथा चालू आहे. या वर्षी शिक्षकांनी रॉड्रिग्ज यांचे टिपण आपणहून मागून घेतले.